बियांचे तेल आणि नळातले मेण

नरक चतुर्दशीच्या पहाटे खोबरेल तेलाची बाटली आधी कोमट पाण्यात उभी करावी लागते, हे कोणत्याही मराठी घरात सांगायची गरज नाही. खोबरेल साधारण २४-२५ अंशांच्या खाली थिजते. त्याच थंडीत करडईचे तेल पाण्यासारखे पातळ राहते, जवसाचे राहते, एरंडेल दाट असूनही थिजत नाही. गारठा वाढला की सरकीच्या तेलात तळाशी पांढरट साका धरतो आणि मोहाच्या बियांचे तेल तर तुपासारखे घट्ट होते. घाण्यावरच्या तेल्याला हे फरक पुस्तकाविना ठाऊक होते. कोणते तेल कोणत्या ऋतूत कोणत्या भांड्यात ठेवायचे, हे त्याच्या धंद्याचे ज्ञान होते.

जमिनीतून निघणारे खनिज तेलही असेच थिजते. आपल्या देशातले तर विशेष थिजते, कारण मुंबई हाय, आसाम आणि राजस्थान या तिन्ही ठिकाणच्या तेलात मेण भरपूर आहे. हे मेण शेकडो किलोमीटर लांबीच्या नळाच्या आतल्या अंगाला बसत जाते आणि शेवटी नळ कोंडतो. गेल्या दहा-पंधरा वर्षांत यावर एक उपाय पुन्हापुन्हा सुचवला जातो आहे. एरंडी, मोगली एरंड, रबराचे बी अशा बियांचे तेल थोड्या प्रमाणात मिसळले, तर मेण बसत नाही किंवा कमी बसते, असा हा उपाय. ‘शेतातले तेल खनिज तेलाच्या मदतीला’ अशा थाटात तो मांडला जातो. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात खनिज तेलाची एकही विहीर नाही. नळ म्हणावा तर समृद्धी महामार्गालगत मेहकर, सिंदखेड राजाकडून गेलेली नैसर्गिक वायूची वाहिनी तेवढी आहे. पण तेलबियांचा हा मुलूख आहे आणि ‘तुमच्या बियांना सोन्याचा भाव येणार’ हे वाक्य या मुलुखाने पूर्वीही ऐकले आहे. म्हणून या उपायाचा इतिहास तपासणे मला गरजेचे वाटले. तपासताना दिसले ते असे, की बियांचे तेल खनिज तेलाच्या धंद्यात नव्याने शिरत नाही. ते नव्वद वर्षांपासून तिथे आहे, फक्त वेष पालटून.

सुरुवात उलट दिशेने झाली. खनिज तेल बियांच्या तेलाच्या जागी आले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत वऱ्हाडातल्या घरात रात्री जो उजेड होता तो करडई, जवस, करंज, एरंडी यांच्या तेलाचा होता. रेल्वे आली तरी सुरुवातीला हेच चालू राहिले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचा फाटा भुसावळहून मलकापूर, शेगाववरून पुढे जात १८६७ साली नागपूरला पोचला. जलंब ते खामगाव हा छोटा फाटा १८७० साली कापसासाठी झाला. त्या काळच्या भारतीय रेल्वेत दिव्यांना आणि आसांच्या वंगणाला एरंडेल सर्रास वापरले जाई. याच रेल्वेने पुढे पत्र्याच्या डब्यांतून मातीचे तेल आणले. आधी अमेरिकेचे, मग रशियाचे, मग ब्रह्मदेशाचे. ‘रॉकेल’ आणि ‘घासलेट’ हे आपले शब्द ‘रॉक ऑइल’ आणि ‘गॅसलाइट’ या इंग्रजी शब्दांपासून आले असे मानतात. बियांच्या तेलाचा दिवा त्यानंतर देवघरात उरला. घाण्याचे एक मोठे गिऱ्हाईक, म्हणजे रात्रीचा अंधार, हातचे गेले. वऱ्हाडाचा आर्थिक इतिहास लिहिणारे कापसावर एवढे लिहितात, पण या घटनेकडे त्यांचे लक्ष फारसे जात नाही, याचे मला नवल वाटते.

ब्रह्मदेशाच्या तेलाचा उल्लेख मुद्दाम केला. येनानजाँगचे तेल मेणाने भरलेले होते आणि थंडीत घट्ट होई. पण त्या काळी मेण ही डोकेदुखी समजली जात नसे, तो माल होता. १८५०च्या दशकात ‘रंगून टार’ या नावाने हे तेल इंग्लंडला जात होते आणि प्राइस ही लंडनची मेणबत्ती कंपनी त्यातून मेण काढत होती. आसामात दिगबोईला १८८९ साली तेल लागले आणि १९०१ साली शुद्धीकरण कारखाना सुरू झाला. तिथेही मेण हे महत्त्वाचे उत्पादन राहिले. आजीच्या पेटीत ज्या पांढऱ्या मेणबत्त्या असत, त्यांचे मेण अशा तेलातून आलेले असणे सहज शक्य आहे. तेल विहिरीजवळच शुद्ध होत होते तोवर सारे ठीक होते. ते कच्च्या रूपात दूर न्यायची वेळ आली, तेव्हा मेणाचा स्वभाव कळला.

हा स्वभाव थोडा समजून घ्यायला हवा. मेण म्हणजे कार्बनच्या लांब, सरळ साखळ्या. एका साखळीत साधारण वीस ते चाळीस कार्बन. जमिनीच्या पोटात तेल गरम असते तेव्हा या साखळ्या साखर चहात विरघळावी तशा विरघळलेल्या असतात. तेल निवले की त्या एकमेकींना चिकटून पातळ, सपाट पापुद्रे बनवतात. पापुद्र्यांच्या कडा एकमेकींत अडकतात आणि पत्त्यांच्या घरासारखी एक जाळी उभी राहते. उरलेले पातळ तेल त्या जाळीत कोंडले जाते. मेण शेकडा दोन भाग असले तरी अशी जाळी सगळे तेल थिजवू शकते. भांडे आडवे केले तरी तेल हलत नाही, त्याच्या जरा वरच्या तापमानाला धंद्यात ‘पोर पॉइंट’ म्हणतात. आपण त्याला थिजबिंदू म्हणू.

आणि नळात दोन निरनिराळे धोके असतात. पहिला सावकाश येतो. नळाची भिंत बाहेरच्या माती-पाण्यामुळे थंड असते, त्यामुळे तेल वाहते असतानाही भिंतीलगत मेणाचा थर चढत जातो, जसा मोरीच्या पाइपात साबणाचा चढतो. तो खरवडायला नळात एक घट्ट बसणारा बोळा सोडतात आणि मागच्या तेलाच्या दाबाने तो पुढे सरकतो. इंग्रजीत त्याला डुक्कर म्हणतात आणि आपल्याकडचे तंत्रज्ञही ‘पिग सोडला’ असेच म्हणतात. दुसरा धोका एकदम येतो. पंप काही कारणाने बंद पडला, तेल नळात उभे राहिले आणि निवले, तर मैलोगणती नळाची एकच मेणबत्ती होते. मग पंप सुरू करूनही ती हलत नाही.

स्वतंत्र भारतात ही अडचण मोठ्या प्रमाणावर पहिल्यांदा आसामात आली. नाहरकटिया ते बरौनी हा ११५७ किलोमीटरचा नळ १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला दोन टप्प्यांत पूर्ण झाला. आधी गुवाहाटीजवळच्या नूनमाटीपर्यंत, मग बिहारात बरौनीपर्यंत. नाहरकटिया-मोरानच्या तेलाचा थिजबिंदू ३० अंशांच्या आसपास आणि नळ जातो तो ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातून, जिथे हिवाळ्यात जमीन त्याहून कितीतरी थंड. ऑइल इंडिया कंपनीने दुलियाजानला यासाठी खास कारखाना उभारला. तिथे तेल ९० अंशांच्या पुढे तापवून ठरावीक गतीने निववत. अशा निववण्याने मेणाचे स्फटिक वेगळ्या आकाराचे होतात आणि त्यांची घट्ट जाळी बनत नाही. यात काहीही मिसळलेले नाही, केवळ तापवण्या-निववण्याची रीत बदलली. तूप कढवून कसे निववले यावर त्याचा रवा ठरतो, हे ज्यांना माहीत आहे त्यांना ही युक्ती परकी वाटणार नाही. मला स्वतःला या साऱ्या इतिहासातला हा सर्वांत सुंदर भाग वाटतो.

मुंबईची गोष्ट त्यानंतरची. फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या जहाजाने मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रतळाखाली तेल शोधले. मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. सुरुवातीला तेल जहाजांतून किनाऱ्यावर येई. १९७८ साली समुद्रतळावरून उरणपर्यंत सुमारे दोनशे किलोमीटरचा नळ झाला आणि तिथून तेल तुर्भ्याच्या कारखान्यांना जाऊ लागले. हे तेल हलके, गंधक कमी, म्हणजे उत्तम दर्जाचे. पण मेण शेकडा दहाच्या पुढेमागे आणि थिजबिंदू पुन्हा ३० अंशांजवळ. समुद्राच्या तळाचे पाणी त्याहून थंडच असते. भर समुद्रातल्या फलाटावर दुलियाजानसारखा मोठा तापवणी कारखाना उभारणे व्यवहार्य नाही, समुद्रातल्या प्रत्येक चौरस फुटाला किंमत असते. म्हणून इथे दुसरा मार्ग महत्त्वाचा ठरला, तो म्हणजे तेलात अगदी थोडे रसायन सोडणे. तेल आणि नैसर्गिक वायू महामंडळाची पनवेलला जी संशोधन संस्था आहे, तिच्या कामात हा विषय येतो तो यामुळेच.

आता या रसायनाकडे वळू, कारण बियांचे तेल इथेच दडले आहे.

थिजबिंदू खाली आणणारे पहिले प्रसिद्ध रसायन १९३०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत स्टँडर्ड ऑइलच्या प्रयोगशाळेतून आले. त्याचे नाव पॅराफ्लो. गंमत अशी, की ते मेणापासूनच केले होते. मेणावर क्लोरिनची क्रिया करून ते नॅप्थलीनला, म्हणजे कपाटातल्या डांबरगोळीच्या पदार्थाला, जोडले. मोटारीचे वंगण थंडीत थिजू नये म्हणून ते होते. त्याच दशकात रोम अँड हास या कंपनीत हर्मन ब्रूसन यांनी दुसरी वाट काढली. त्यांच्या रसायनाचा रेणू फणीसारखा होता. एक लांब कणा आणि त्याला शेजारी शेजारी लोंबणाऱ्या शेपट्या. या शेपट्या बनवायला बारा कार्बनच्या आसपासचे मेदयुक्त अल्कोहोल लागे आणि त्या काळी त्याचा मोठा स्रोत खोबरेल तेल हा होता. म्हणजे आंघोळीच्या बाटलीत थिजणारे खोबरेल रूप बदलून वंगणाला न थिजवण्याच्या कामी आले.

फणीचे काम कसे चालते ते एका दृष्टांताने सांगतो. गवंडी विटेवर वीट रचतो आहे आणि कोणी मधूनच त्याच्या हातात अर्धी बाजू नीट आणि अर्धी वेडीवाकडी अशी वीट देते. नीट बाजू पाहून तो ती रचतो, पण पुढची वीट तिच्यावर बसत नाही. शेपटी ही मेणासारखीच सरळ साखळी असल्याने मेणाच्या पापुद्र्यात शिरते. कणा मात्र शिरू शकत नाही आणि पापुद्र्याची वाढ तिथेच अडते. मेण तेलात राहतेच, फक्त बारीक चुऱ्याच्या रूपात राहते आणि तेलाबरोबर वाहून जाते. शेपटीची लांबी मेणाच्या साखळीशी जुळली तरच हे साधते. वंगणाला बारा-चौदा कार्बनची शेपटी पुरते. कच्च्या तेलातले मेण लांब साखळ्यांचे, त्याला अठरा ते बावीस कार्बनची हवी.

बावीस कार्बनची शेपटी निसर्गात कुठे मिळते? मोहरीत. मोहरी आणि तिच्या युरोपी भावंडाच्या तेलात एरुसिक नावाचे बावीस कार्बनचे आम्ल असते, आपल्या पारंपरिक मोहरीच्या तेलात तर ते निम्म्याच्या जवळपास. त्यावर हायड्रोजनची क्रिया केली की बेहेनिल अल्कोहोल मिळते. त्याची फणी म्हणजे बेहेनिल अ‍ॅक्रिलेटचे बहुवारिक. मेणयुक्त कच्च्या तेलासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या रसायनांत हा एक प्रमुख वर्ग आहे. जहाजाने आलेल्या पिंपावर फक्त ‘फ्लो इम्प्रूव्हर’ लिहिलेले असते. त्यामागे सोनेरी मोहरीचे शेत असू शकते, हे पिंप उघडणाऱ्याला ठाऊक नसते.

म्हणजे ‘बियांचे तेल वापरावे का’ हा प्रश्न जुनाच आहे. नव्या संशोधनाचा प्रश्न त्याहून वेगळा आहे. रसायनाची ही सगळी मधली खटपट टाळून घाण्याचे तेल सरळच ओतले तर? नायजेरियातल्या संशोधकांनी तिथल्या मेणयुक्त तेलात एरंडी, मोगली एरंड आणि रबराच्या बियांचे तेल मिसळून प्रयोग केले. थिजबिंदू खाली आला, दाटपणा कमी झाला आणि मेण बसण्याचे प्रमाण घटले, असे त्यांना दिसले. नायजेरियाची निकड समजण्यासारखी आहे. तेल स्वतःचे, पण ते वाहते ठेवणारे रसायन आयात करायचे. शिवाय नेहमीच्या द्रावकांपैकी झायलीनसारखे द्रावक विषारी आणि ज्वालाग्राही. त्या तुलनेत बियांचे तेल माणसाला आणि मातीला सौम्य.

पण इथे जरा थांबायला हवे. बाटलीतला प्रयोग आणि समुद्रातला नळ यांत अंतर आहे. एरंडेलाचा एक जुना गुण कोणत्याही रसायनाच्या पुस्तकात सापडतो. ते दारूत विरघळते, पण पेट्रोलियमच्या हलक्या भागात नीट मिसळत नाही. इतर बियांच्या तेलांपासून ते ओळखून काढण्याची ही खूणच होती. त्यामुळे एरंडेल अल्प प्रमाणात आणि नीट घुसळूनच देता येईल. सोयाबीन, सरकी, करडई सहज मिसळतील, पण त्यांचे रेणू फणीसारखे नसतात. ते मेणाच्या कडेला चिकटतात, थोडा अडथळा करतात, थोडे पातळ करतात. म्हणून त्यांची मात्रा जास्त लागते. विहिरीतून तेलाबरोबर खारे पाणीही येते. पाणी आणि उष्णता यांनी बियांच्या तेलातले आम्ल सुटे झाले तर ते लोखंडाला चांगले नाही. आणखी एक विरोधाभास असा, की काही बियांच्या तेलात स्वतःचेच मेण असते. सूर्यफुलाच्या टरफलातून आलेले मेण काढण्यासाठी रिफायनरीत तेल मुद्दाम थंड करून गाळतात. असे कच्चे तेल नळात ओतणे म्हणजे घुशीसाठी बीळ उकरून देणे.

राजस्थानने यातले काहीही निवडले नाही, हेही नोंदवले पाहिजे. बाडमेर जिल्ह्यात २००४ साली सापडलेल्या मंगला क्षेत्राच्या तेलाचा थिजबिंदू ४० अंशांच्याही वर आहे. भर उन्हाळ्याच्या सावलीतही ते थिजलेले असू शकते. त्यासाठी गुजरातच्या किनाऱ्यापर्यंत सुमारे ६७० किलोमीटरचा नळ पूर्ण लांबीभर विजेने तापता ठेवला आहे, ६५ अंशांच्या वर. दर काही किलोमीटरवर तापवणीचे ठाणे. जगातला सर्वांत लांब तापता नळ म्हणून त्याचे कौतुक होते आणि ते रास्त आहे, पण त्या विजेचे बिल दररोज फाटते. रसायनवाले आणि बियांच्या तेलाचे अभ्यासक दोघेही बोट दाखवतात ते या बिलाकडे.

आता हिशेब. मोगली एरंडाची आठवण ज्यांना आहे त्यांच्यासाठी तो करतो. ३१ डिसेंबर २००२ रोजी दिल्ली-अमृतसर शताब्दी एक्स्प्रेस ५ टक्के जैवडिझेल मिसळून धावली. २००३ साली नियोजन आयोगाच्या समितीने मोगली एरंडाची चार लाख हेक्टरांवर प्रात्यक्षिक लागवड सुचवली आणि २०११-१२ पर्यंत डिझेलमध्ये २० टक्के मिश्रणाचे स्वप्न पाहिले. २००९च्या धोरणाने तीच मुदत २०१७ केली. पडीक जमिनीवर, पाण्याविना, भरघोस बी, असे सांगितले गेले. पाण्याविना झाड जगते हे खरे, बी मात्र भरघोस येत नाही. आणि वऱ्हाडातला शेतकरी तेलबीचा हिशेब कसा करतो हे त्या योजनाकारांनी विचारलेच नाही. तो तेल आणि ढेप मिळून करतो. सरकीला भाव आहे तो निम्मा ढेपेमुळे. मोगली एरंडाची ढेप विषारी, गुरांपुढे टाकता येत नाही. अर्धा हिशेब तिथेच कोसळला होता.

नळातल्या मेणाचा हिशेब मांडू. वर्षाला एक कोटी टन मेणयुक्त कच्चे तेल धरा आणि दहा लाख भागांत पाचशे भाग रसायन धरा. रसायन लागेल पाच हजार टन. त्यात निम्मा द्रावक असतो असे समजू. उरलेल्या अडीच हजार टनांत बहुतेक वजन शेपट्यांचे. त्यासाठी मोहरीतले बावीस कार्बनचे आम्ल हवे, म्हणून तेल लागेल फार तर साडेपाच हजार टन आणि मोहरी पंधरा हजार टन. हेक्टरी एक टन धरली तरी पंधरा हजार हेक्टर. बुलढाणा जिल्ह्यात एकटे सोयाबीन काही लाख हेक्टरांवर उभे असते. म्हणजे एक कोटी टन तेलाची गरज आमचा एखादा तालुका भागवून मोकळा होईल आणि त्या तालुक्यातही मोहरी लागते कुठे? सोयाबीन, सरकी, करडई यांच्या साखळ्या अठरा कार्बनच्या. सरळ तेल ओतायचे म्हटले आणि हजारात तीन भाग धरले, तर तीस हजार टन तेल, म्हणजे सुमारे पासष्ट हजार टन एरंडी. देशातली एरंडी लाखो टनांत मोजतात आणि तिचा बराचसा भाग गुजरातेत पिकतो. बाजारभावावर याने ओरखडाही उठणार नाही.

खरा पैसा बी आणि नळ यांच्या मधल्या पायरीवर आहे, जिथे तेलाची शेपटी होते आणि शेपटीची फणी होते. ही पायरी विदर्भाला परकी नाही. कामठीचे खाणमालक रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी १९३० साली मृत्युपत्राने नागपूर विद्यापीठाला उपयोजित रसायनाच्या शिक्षणासाठी लाखो रुपयांची देणगी ठेवली आणि तिच्यातून १९४२ साली नागपूरची लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था उभी राहिली. तेल तंत्रज्ञान हा तिथला जुना विषय. आता, २०२३ पासून, ती स्वतंत्र विद्यापीठ आहे. खामगाव-मलकापूरच्या गिरण्यांत सरकीचे तेल शुद्ध करताना जे खाली उरते, साबणाच्या कारखान्याला जाणारा तो काळपट गाळ, त्यात अठरा कार्बनची आम्ले भरलेली असतात. एवढा माल, एवढी जुनी संस्था आणि उरणचा नळ, तिन्ही एकाच राज्यात आहेत. त्या गाळाची किंमत अजून साबणवालाच ठरवतो.

मोगली एरंड मात्र आमच्याकडे टिकला. मोताळ्याच्या बाजूला, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी शेतांच्या बांधावर त्याची कुंपणे दिसतात. बी कोणी वेचत नाही. गुरे-शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत, म्हणून तो लावलेला असतो.